वय वाढवा

आमच्या सोसायटीत कसलीही नोटीस लागली की तासाभरात तिच्यावर लाल पेन्सिलीच्या खुणा उमटायच्या. राहिलेले अनुस्वार डोक्यावर बसायचे, तुटलेले शब्द जोडले जायचे, आणि एकदा तर 'गच्चीवर पापड वाळत घालण्यास सक्त मनाई आहे' यातल्या 'सक्त'भोवती गोल काढून बाजूला लिहिलेलं होतं, 'कशाला?' सेक्रेटरी चिडायचे, पण पुढची नोटीस लावण्याआधी गुपचूप पहिल्या मजल्यावर नेऊन दाखवायचे. तिथे खेडेकर काकू राहायच्या, आमच्या समोरच्याच दारात.

काकू जाऊन आता वर्ष होईल. ठेंगणी, सत्तरी ओलांडलेली बाई. चष्मा दोरीने गळ्यात आणि पेन्सिल कानामागे. भाजीवाल्याशी हिंदीत भांडताना ती पेन्सिल काढून हवेत नाचवायच्या आणि भांडण संपलं की त्याच्या पाटीवरचं 'कोथींबिर' दुरुस्त करून यायच्या. मी शाळेत शिकवते म्हणून मला मास्तरीणबाई म्हणायच्या. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला कधी नीट कळलं नाही. नवऱ्याची प्रेस होती, लग्नपत्रिका छापायचे, एवढीच त्यांची माहिती सोसायटीत होती.

बाकीची माहिती जिन्यावरून घरंगळत आली. इमारतीच्या दुरुस्तीसाठी सगळ्यांना माळे रिकामे करायला सांगितले होते. दोन मजूर काकूंच्या माळ्यावरचे गठ्ठे खाली नेत होते आणि मधल्या वळणावर सुतळी तुटली. त्या दिवशी तळमजल्यावर सत्यनारायण. हातात प्रसादाचे द्रोण घेऊन बायका जिन्यात उभ्या, आणि त्यांच्या पायांशी येऊन थांबली ती जुन्या मासिकांची रंगीत मुखपृष्ठं. त्यांवर ज्या पोझमध्ये बायका होत्या, त्या पाहून कुणी खाली वाकेना आणि कुणाला पुढेही जाता येईना. काकू वरून कठड्यावर वाकून ओरडल्या, "उचला, उचला, चावत नाहीत ती! इतकी वर्षं मी सांभाळली, मला कुठे चावली?"

दोन दिवस सोसायटीत दुसरा विषय नव्हता. तिसऱ्या दिवशी मी सरळ त्यांच्या घरी जाऊन विचारलं, "काकू, हे खरंच तुमचं?"

"माझं म्हणजे काय! संपादक मी, मुद्रितशोधक मी. वाचकांच्या नाजूक प्रश्नांना उत्तरं देणारे डॉक्टरकाका असायचे ना शेवटच्या पानावर, ते पण मीच."

मला हसू आवरेना. त्यांनीही हसून घेतलं आणि चहा टाकला.

प्रेस होती आमच्या भाईंदर पश्चिमेलाच, मिठागरांच्या बाजूच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. आजूबाजूला सगळे स्टीलच्या भांड्यांचे कारखाने, पॉलिशची काळी धूळ, आणि मधे खेडेकरांचा एक गाळा. सीझनला लग्नपत्रिका, हँडबिलं, मंडळांची पावतीपुस्तकं. चातुर्मासात लग्नं थांबली की मशीन रिकामी राहायची, म्हणून काकांनी मासिक काढलं. नाव कुठल्याशा अत्तराचं होतं. कथा, चुटके, प्रश्नोत्तरं आणि मधली काही पानं फोटोंची. स्टेशनाबाहेरच्या स्टॉलवर ते वर्तमानपत्राच्या घडीत घालून दिलं जायचं. कडेला पिना मारलेल्या असायच्या, म्हणजे कुणी उभ्या उभ्या फुकट वाचून परत ठेवू नये. काका अचानक गेले तेव्हा नातेवाइकांनी प्रेस विकायचा सल्ला दिला. काकूंनी ती चालवली, मासिकासकट.

धाड पडायची ती बहुधा दिवाळी अंकाच्या तोंडावर. हवालदार ओळखीचे झाले होते. एक गठ्ठा त्यांच्यासाठी बांधूनच ठेवलेला असे, आणि जाता जाता त्यातला एक हवालदार विचारायचा, "मागच्या महिन्यातल्या गोष्टीचा पुढचा भाग कधी येतोय?" कलम अश्लीलतेचं. कोर्टात उभं राहायचं, दंड भरायचा आणि घरी येताना पुढच्या अंकाचा कागद सांगून यायचं. एकदा एका मॅजिस्ट्रेटनी चष्म्यावरून बघत विचारलं म्हणे, बाई, तुम्हाला लाज नाही वाटत? काकू म्हणाल्या, "वाटते साहेब. मुद्रणदोष राहिला की वाटते."

पण ज्या गोष्टीचा त्यांना खरा अभिमान होता ती वेगळीच. हस्तलिखितांवर समासात त्यांचा एक ठरलेला शेरा असायचा, 'वय वाढवा.' त्यांच्यासाठी टोपणनावाने लिहिणारे एक निवृत्त पोस्टमास्तर होते. ते नायिका म्हणून हटकून एखादी कॉलेजकुमारी आणायचे. काकू लाल पेन्सिलीने ती खोडून तिथे एका बँकेतली, लग्न झालेली, बदलीच्या गावी एकटी राहणारी हेडक्लार्क उभी करायच्या. पोस्टमास्तर गाळ्यात येऊन तणतणायचे, "बाई, हेडक्लार्क कोण वाचणार?" काकू म्हणायच्या, "ज्याला वाचायची नसेल त्याने वाचू नये. माझ्या अंकात शाळा नाही, कॉलेज नाही, वसतिगृह नाही. पंचविशीच्या आतलं कुणी नाही. चावटपणा करायचा तर मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांशी करायचा." हे सांगताना त्या ताठ बसायच्या. त्यांच्या त्या ताठपणाचं मलाही कौतुक वाटलं होतं.

पुढे व्हिडिओ आला, सीडी आल्या, आणि मग सगळंच लोकांच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आलं. मासिक बंद झालं, गाळा गेला, उरलेले अंक माळ्यावर आले. आता दुरुस्तीच्या निमित्ताने ते खाली उतरले तेव्हा ठेवायला जागा नव्हती. नेमका त्याच आठवड्यात सिद्धेश आला. स्टॉलवाल्यांना मासिक पोचवणारा जो एजंट होता, त्याचा हा मुलगा. मीरा रोडला त्याचं झेरॉक्स आणि स्कॅनिंगचं दुकान आहे. कुठून तरी जिन्यातली गोष्ट त्याच्या कानावर गेली होती.

"काकू, रद्दीत नका घालू प्लीज. व्हिंटेज आहे हे! लोक सर्च करतायत. मी सगळे अंक स्कॅन करून साइटवर टाकतो, मेंबर्ससाठी. दिवाळीला लाँच."

काकू खूश झाल्या. संपादक म्हणून नाव देशील ना, म्हणून त्यांनी त्याच्याकडून कबूल करून घेतलं. टेम्पो आला आणि गठ्ठे गेले. माळा रिकामा झाला म्हणून त्यांनी शेजारीपाजारी शिरासुद्धा वाटला.

त्यानंतर काही दिवसांनी आमच्या शाळेत बालसंरक्षण कायद्याची कार्यशाळा झाली. दिवसभर एक वकीलबाई आम्हाला एकेक कलम समजावून सांगत होत्या. घरी आले तेव्हा माझं डोकं भणभणत होतं. संध्याकाळी मी मेथी निवडायला बसले आणि काकू नेहमीसारख्या समोर येऊन बसल्या. कशी झाली कार्यशाळा, म्हणाल्या. मी सांगत गेले. अठराच्या आत संमतीला काही अर्थ नाही. तसा फोटो काढणं, छापणं, पाठवणं हा तर गुन्हाच, पण नुसता जवळ ठेवला तरी सुटका नाही. कळूनही पोलिसांना सांगितलं नाही, तर तोही गुन्हा.

काकू देठ खुडायच्या थांबल्या.

"आमच्या वेळचं कलम निराळं होतं," त्या म्हणाल्या. "त्यात एवढंच बघायचे, की हे वाचून वाचणारा बिघडतो का. कोर्टात सगळा वाद वाचणाऱ्यावर. फोटोत कोण आहे, तिचं काय, हे मला एकाही साहेबाने कधी विचारलं नाही."

"आता तेच आधी विचारतात."

"आणि वय छापलेलं असेल तर? मोठं वय?"

"छापलेल्या वयाला कोण विचारतंय काकू! खरं वय काय ते बघणार."

त्या उठल्या. दाराशी जाऊन परत आल्या आणि बसल्या. कानामागची पेन्सिल काढून त्यांनी ओट्यावर ठेवली. असं त्यांनी माझ्यादेखत आधी कधी केलं नव्हतं.

"मास्तरीणबाई, तुला एक सांगते. सांगितलं की तू गप्प बसणार नाहीस हे धरूनच सांगते."

त्या धंद्याची एक रीत होती. फोटोग्राफर पाकीट आणून द्यायचा. नाव नाही, पत्ता नाही, चौकशी करायची नाही. फोटोखाली खोटं नाव आणि 'वय पंचवीस' असं छापायचं. कथेतल्या बाया काकू स्वतः मोठ्या करत होत्या, फोटोतल्या बायांना त्याच शिस्तीत पंचवीस लावत होत्या, आणि एकदा पंचवीस छापलं की ती पंचवीसची झाली असं सगळे धरून चालत. फोटोतलं माणूस समोर येण्याचा प्रश्नच नव्हता. एकदाच आलं. उन्हाळ्यात एका दुपारी फोटोग्राफर पाकीट द्यायला आला तेव्हा त्याच्याबरोबर एक मुलगी होती. तो कागदवाल्याशी बोलायला बाहेर गेला, आणि ही गाळ्यात छपाईच्या खिळ्यांच्या खणांशी जाऊन उभी राहिली. शिशाची अक्षरं उचलून बघायला लागली.

"'ह्ये उलटंच हाय!' म्हणाली. हसली. मी म्हटलं, थांब, सुलट करून दाखवते. तिचं नाव जुळवलं स्टिकमध्ये, खिळे ओळीत लावायच्या पट्टीत. शाई लावून कागदावर उठवलं. असली हरखली गं! म्हणाली, बाई, याच्याखाली इयत्ता पण घाला ना. शाळा सुरू झाली की पुस्तकांना चिकटवेन."

मला पुढचं ऐकायचं नव्हतं.

"इयत्ता दहावी. मी माझ्या हाताने जुळवलं. पानभर लेबलं काढून दिली तिला. फोटोग्राफर आला आणि तिला घेऊन गेला. संध्याकाळी पाकीट उघडलं तर त्यात ती होती."

"मग?"

"अंक सकाळी मशीनवर चढायचा होता. दहावीचे खिळे अजून स्टिकमध्ये तसेच होते. ते सोडवले आणि त्याच स्टिकमध्ये पंचवीस जुळवलं."

खरं सांगते, हातातली मेथीची जुडी त्यांच्या अंगावर फेकावी असं मला वाटलं. जिच्यापाशी बसून मी इतकी हसले होते, ती ही बाई. रोज माझ्यासमोर दहावीच्या मुली बसतात. त्यांच्या वह्यांवरची लेबलं माझ्या डोळ्यांसमोर आली. मी ओरडले असेन बहुतेक, कारण आतून माझा नवरा काय झालं म्हणून बघायला आला. काकू मान खाली घालून बसून राहिल्या.

त्या मुलीचं नाव त्यांनी मला सांगितलं, गावही सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही आणि कुठेच लिहिणार नाही. तो फोटोही मी पाहिलेला नाही.

"तो अंक सिद्धेशच्या दुकानात आहे," काकू म्हणाल्या. "आता ती कुणाची तरी आजी असेल. तिच्या नातवाच्या मोबाइलवर येईल ते. पहिल्यांदा कागदावर मी आणलं, मास्तरीणबाई. दुसऱ्यांदा येता कामा नये."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही रिक्षाने मीरा रोडला गेलो. काकूंना आधी गठ्ठे परत आणायचे होते आणि मग पोलिसांकडे जायचं होतं. वाटेत त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं आणि सिग्नलला रिक्षा थांबली की पकड घट्ट व्हायची. सिद्धेशने दोन खुर्च्या दिल्या, चहा मागवला. मागच्या भिंतीशी गठ्ठे रचलेले होते. वरचे दोन सोडलेले दिसत होते.

"सगळं परत दे," काकू म्हणाल्या. "माझं मन बदललं."

"काय काकू, असं कसं? अर्धं काम झालंय. मेंबर्सनी पैसे भरलेत."

"एका अंकात एक फोटो आहे. मुलगी लहान होती."

सिद्धेश खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाला, "कोणत्या अंकात?"

त्याचा आवाज घाबरलेल्या माणसाचा नव्हता. काकूंनीही ते ओळखलं.

"सांगा ना, कोणता अंक, कोणतं पान. मी तेवढंच बाजूला काढतो."

"तू बघू नयेस म्हणून तर आले."

"काकू, रिलॅक्स. तुम्ही उगाच टेन्शन घेताय." त्याने हसून एक जुना अंक उघडला आणि आमच्याकडे न दाखवता त्यातलं वाचलं. "हे बघा, प्रत्येक फोटोखाली तुमचंच छापलेलं आहे. वय पंचवीस. प्रिंटेड प्रूफ आहे, तेही संपादकांच्या नावाने. कुणी विचारलं तर मी हेच दाखवणार. मला काय प्रॉब्लेम?"

चहाचा कप काकूंनी न पिता खाली ठेवला. मी गठ्ठ्यांकडे जायला लागले तर सिद्धेश मधे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, हात नका लावू, माल माझा आहे." दुकानात झेरॉक्स काढायला आलेली माणसं आमच्याकडे बघत होती.

"चल," काकू मला म्हणाल्या. बाहेर आल्यावर रस्त्यातच त्यांनी रिक्षा अडवली आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, "पोलीस स्टेशन चलो. जल्दी."

मला त्यांना एक सांगणं भाग होतं. "काकू, तुमचं नाव आधी लागेल यात. नुसत्या दंडावर सुटणारं हे नाही. सोसायटीत पण कळेल सगळं."

"जिन्यात कळलंच आहे की," त्या म्हणाल्या. पोलीस स्टेशनचा बोर्ड दिसायला लागला तेव्हा म्हणाल्या, "मी घाबरलेय गं. तू आत येशील ना?"

पुढचं थोडक्यात सांगते. त्याच दुपारी पोलीस सिद्धेशच्या दुकानात गेले. गठ्ठे, कॉम्प्युटर, सगळं उचललं. तो अंक अजून सुतळीतच होता, स्कॅन झालेला नव्हता. फोटोग्राफर कधीच वारलेला निघाला. काकूंना नंतर चौकशीसाठी किती तरी वेळा बोलावलं. प्रत्येक वेळी त्या इस्त्रीची साडी नेसून गेल्या. आरोपपत्राआधीच त्यांचं हृदय थांबलं. सोसायटीतले काही जण स्मशानात आले, काही आले नाहीत. काकूंना माफ करावं की नाही हे मला आजही ठरवता येत नाही, आणि ते मी ठरवायचं नाही असंही वाटतं.

पण काकू म्हटलं की मला पुढे दिसते ती त्या दुपारची पोलीस ठाण्यातली खोली. टेबलापलीकडे एक तरुण फौजदारबाई, चाळिशीतल्या हवालदारबाई कॉम्प्युटरवर जबाब टाइप करतायत, आणि समोर काकू, पाय जमिनीला न टेकणाऱ्या खुर्चीत. त्यांनी सगळं सांगितलं. लेबलांचंसुद्धा सांगितलं.

"आजी, तेव्हा हा कायदा नव्हता," फौजदारबाई म्हणाल्या. "पण आजपर्यंत ते तुमच्या ताब्यात होतं. तुमच्यावरही येईल, कळतंय ना?"

"कळतंय. लिहा."

प्रिंट निघाली. सही करण्यासाठी हवालदारबाईंनी ती पुढे सरकवली आणि कुठे सही करायची तिथे बोट ठेवलं. काकूंनी चष्मा चढवला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. हात सवयीने कानामागे गेला. पेन्सिल आमच्या ओट्यावरच राहिली होती. त्यांनी टेबलावरचं निळं पेन मागून घेतलं.

"आजी, त्याच्यावर काही लिहू नका हं," हवालदारबाई घाईने म्हणाल्या.

"मग तुम्ही लिहा. हे चुकलंय." त्यांनी पेनाचं टोक एका ओळीखाली धरलं. "इथे तुम्ही घातलंय, 'सदर महिलेचे वय अंदाजे अठरा ते वीस'."

"अहो, एवढ्या वर्षांपूर्वीचं, नुसत्या इयत्तेवरून नक्की कसं सांगणार? म्हणून अंदाजे घातलं."

"मी सांगते ना नक्की. महिला काढा. मुलगी घाला," काकू म्हणाल्या. "आणि वय कमी करा. पंधरा."